सुपारी फुटण्याआधी

"दाबा. एक, दोन, तीन. सोडा. आता पुन्हा दाबा. शेटे, घड्याळाकडे बघू नका, बाईंच्या छातीकडे बघा."

डॉ. कमल शिराळकर आमच्या ह्यांना मला श्वास द्यायला शिकवत होत्या.

माझ्या घशात एक नळी घातलेली होती. नळीच्या टोकाला फुटबॉलच्या ब्लॅडरसारखी काळी रबरी पिशवी होती आणि ती पिशवी माझ्या नवऱ्याच्या हातात होती. त्यांनी दाबली की हवा आत यायची, सोडली की बाहेर जायची. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. माझं सगळं त्यांच्या हातात आहे हे मी जन्मभर ऐकत आले होते, पण ते इतकं खरं कधी झालं नव्हतं.

मी जागी होते. हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पापण्या मिटलेल्या, हातपाय लाकडासारखे, जीभ दगडासारखी. पोटावर वीतभर चीर पडली होती, तिचा ठणका कळत होता, पण ओरडायलासुद्धा अंगात थोडं बळ लागतं. कान मात्र उत्तम चालू होते.

"अजून भुलेतच आहे का ही?" ह्यांनी विचारलं.

"भूल उतरायला हवी होती एव्हाना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अकरा वाजता ऑपरेशन संपलं. आता अडीच वाजलेत. उतरवायचं इंजेक्शनही दिलं. तरी स्वतःचा श्वास येत नाही. मला कळतच नाही काय चाललंय."

ह्यांना कळत होतं. पण ते म्हणाले, "परमेश्वराची इच्छा."

हे तासगावातलं. चाळीस वर्षं झाली. तेव्हा गावात श्वास देणारं मशीन नव्हतं, ते मिरजेला. डॉक्टरीणबाईंनी आणि सुवार्ता सिस्टरनी आळीपाळीने तीन तास पिशवी दाबली होती. बोटांना पेटके यायला लागले, तेव्हा नातेवाइकांना कामाला लावलं.

मला काय झालं होतं ते आधी सांगते. आमच्या घरात मात्र ते सांगायची बंदी होती.

त्याच्या आधी पाच वर्षांपासून संध्याकाळ झाली की माझ्या पापण्या खाली यायच्या. भाकरी चावता चावता जबडा दमायचा. आवाज नाकात जायचा आणि शब्द एकमेकांत मिसळायचे. दिवेलागणीनंतर माझं बोलणं घरात फक्त माझ्या लेकीला, चारूला, कळायचं. मी काहीतरी पुटपुटले की हे तिच्याकडे बघत, आणि ती सांगे, "आई म्हणतेय, दुधाला विरजण लावायचं राहिलंय." एक शब्द कधी चुकली नाही.

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मायस्थेनिया. गोळ्या दिल्या, दर चार तासांनी एक, जन्मभर. परतीच्या गाडीत माझी नणंद शकूवन्सं ह्यांना म्हणाल्या, "हे नाव गावात न्यायचं नाही, दादा. नावातच माय आहे. लोक म्हणतील, मायचा आजार, लेकीला लागणारच. पोरीला कोण करून घेईल?"

"मग काय म्हणायचं?"

"अशक्तपणा म्हणायचं. कुठल्या बाईला नसतो?"

गाडी सांगलीला पोचेपर्यंत माझा आजार बरा झाला आणि मला अशक्तपणा आला. गोळ्यांची बाटली रहिमतपूरच्या आसपास खिडकीतून बाहेर गेली. गोळ्या आवळासुपारीच्या पत्र्याच्या डबीत गेल्या. गावात बोलवा उठली, की शेटे वहिनींना भारीच सुपारी लागते, घड्याळ लावून खातात.

खरं सांगायचं तर त्या आजाराने मला फार मान मिळवून दिला. पापण्या पडल्या की सासूबाई शेजारणींना सांगत, "आमची सून वर नजर करून बोलत नाही." आवाज बारीक झाला, तर मी मृदुभाषी ठरले. चारूला बघायला टिळेकर मंडळी आली ती मुद्दाम संध्याकाळी सहाला बोलावली होती. चहा होईस्तोवर माझे डोळे अर्धे मिटले. मुलाची आई माझ्याकडे बघून यजमानांच्या कानात म्हणाली, "किती शालीन आहेत हो. अशा आया आता राहिल्या नाहीत." मुलगा, मुकुंद, साखर कारखान्यात इंजिनिअर होता. चारू बी.एस्सी. झालेली, दिसायला चारचौघींत उठून दिसणारी. पण मला विचाराल तर ते स्थळ माझ्या पापण्यांनी जमवलं होतं.

पुढच्या गुरुवारी सुपारी फुटायची ठरली. आमच्या भागात सुपारी फुटली की लग्न पक्कं. शकूवन्सं त्याच्यासाठी महिनाभर मुक्कामाला आल्या. आणि नेमकं त्याच आठवड्यात माझ्या पित्ताशयातल्या खड्यांनी उचल खाल्ली. पोटात असं दुखायचं की मी शालीनपणा विसरून लोळायचे. गावातले सर्जन डॉ. हणमंते म्हणाले, उद्याच्या उद्या ऑपरेशन करू.

गावात भूल देणाऱ्या डॉक्टर एकच. कमल शिराळकर. मुकुंदची सख्खी मावशी.

"घरचंच माणूस मिळालं," हे म्हणाले. मग त्यांचा चेहरा उतरला. मग शकूवन्संचा उतरला.

आदल्या दिवशी चार वाजता डॉक्टरीणबाई मला तपासायला आल्या. उंच, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, मोठ्याने हसणाऱ्या. खाटेच्या एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला वन्सं. चारू पाण्याचा तांब्या भरायला गेली होती.

"दमा?"

"नाही," हे म्हणाले.

"साखर? रक्तदाब?"

"छे छे," वन्सं म्हणाल्या. "आमच्याकडे औषधाची बाटली सापडायची नाही."

हे मात्र अगदी खरं होतं.

"आवाज थोडा नाकात येतोय का?"

"त्यांच्या माहेरी गाणं आहे ना," वन्सं म्हणाल्या. माझ्या माहेरी किराणा मालाचं दुकान होतं.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा. आणखी काही त्रास?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. मग वन्संकडे. मग त्या बाईंच्या कानातल्या मोत्याच्या कुड्यांकडे पाहिलं. तशाच कुड्या मुकुंदच्या आईने घातल्या होत्या.

"थोडा अशक्तपणा आहे," मी म्हणाले.

"तो सगळ्याच बायकांना असतो," त्या हसल्या आणि कागदावर तेवढंच लिहिलं. जाता जाता उशाशी ठेवलेली डबी त्यांनी पाहिली. "उद्या सकाळपासून पोटात काही नाही हं. सुपारीसुद्धा नाही."

"एक दिवस नाही खाल्ली सुपारी तर काय होतंय," हे म्हणाले.

काय होतं ते दुसऱ्या दिवशी अडीच वाजता कळत होतं. मला एकटीलाच.

"मी मिरजेला फोन लावून येते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मशीन आणि गाडी मिळते का बघते. सिस्टर, दोन नंबरच्या खोलीतलं सलाईन बदलून या. शेटे, थांबायचं नाही हं. हात दमला तर ताईंकडे द्या. पण थांबायचं नाही."

पावलं दूर गेली.

हे कापडवाले. त्यांनी पिशवी दाबली ती कापड मोजल्यासारखी. मापात, हात आखडता ठेवून. दर श्वासाला वाटे, अजून बोटभर दिलं असतं तर बरं झालं असतं. दहा मिनिटांत त्यांचा हात दमला आणि पिशवी वन्संकडे गेली.

शकूवन्संचा हात चांगला होता. पापड लाटलेला हात. पण त्यांना बोलताना काम जमत नसे. बोलायला लागल्या की हात थांबे, वाक्य संपलं की दाबत. म्हणजे मला हवा पूर्णविरामाला मिळायची. आणि वन्संची वाक्यं लांब.

"दादा, मी काय म्हणते, सांगायचं झालं तर कालच सांगायचं होतं, आता सांगितलं तर ती बाई म्हणणार की यांनी जाणूनबुजून लपवलं, आणि आजच्या आज बहिणीला कळवणार, मग गुरुवारची सुपारी कसली फुटतेय, गावभर शोभा."

दाबलं.

"पण शकू, हिला काही झालं तर?"

"काही होत नाही. वहिनी सोसतात."

दाबलं. वाक्य लहान होतं, देवाचे उपकार.

"आणि समजा, होऊ नये, पण समजा झालंच, तर एक वर्षाच्या आत लग्न करावं लागतं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणजे तारीख काही पुढे जात नाही, उलट लवकरच धरावी लागेल, आणि आईविना पोर म्हटल्यावर टिळेकरांनाही जरा माया..."

या वाक्यात मी जवळजवळ गेलेच होते. कानात शिट्टी वाजायला लागली, ठणकासुद्धा लांब गेला. तेवढ्यात दाराशी चपला वाजल्या आणि वन्संनी दचकून पिशवी दाबली.

चारू आली होती. घरून माझं लुगडं आणि थर्मास घेऊन.

"अजून शुद्ध नाही?" तिने वडिलांना विचारलं; तीही त्यांना दादाच म्हणायची. "दादा, आईच्या गोळीची वेळ टळून गेली. काल रात्रीपासून गोळी नाही. डॉक्टर काय म्हणाल्या? नळीतून देता येईल का?"

ह्यांनी घसा खाकरला.

"डॉक्टरांना सांगितलंय ना तुम्ही?"

"हळू बोल," वन्सं म्हणाल्या.

"दादा, काल तुम्ही मला म्हणालात, सगळं सांगितलंय."

"सगळं म्हणजे," हे म्हणाले, "अशक्तपणा सांगितला."

"अशक्तपणा?"

"तुझ्या आईनेच सांगितला. तिच्याच तोंडाने. विचार पाहिजे तर तिला."

थर्मास खाली आपटल्याचा आवाज आला.

"हे बघ बाळ," वन्सं मऊ आवाजात म्हणाल्या आणि हात थांबला, "आम्ही हे कोणासाठी करतोय, आमच्यासाठी का, तुझा जन्म मार्गी लागावा म्हणून ना, आणि तुझ्या आईलाही हेच..."

"आत्या, दाबा!"

"अगं हो, दाबतेय की."

"द्या इकडे."

चारूने पिशवी हिसकून घेतली आणि पहिल्यांदा मला पुरता श्वास मिळाला. ती माझ्या छातीकडे बघत असावी. तिच्या हाताला मोजमाप नव्हतं, वाक्यंही नव्हती. पोर रडत होती, ते तिच्या नाकाच्या आवाजावरून कळलं, पण हाताचा ठेका चुकला नाही.

डॉक्टरीणबाई परत आल्या. मघाशी उंच वाटणारा आवाज बसला होता.

"मिरजेहून गाडी निघतेय. दीड तास तरी लागेल." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "वीस वर्षं मी भूल देतेय. असं कधी झालं नाही. माझंच काहीतरी चुकलं. जास्त गेलं असेल औषध. मोजून दिलं होतं हो, पण गेलं असेल. मी काय तोंड दाखवू तुम्हाला?"

आणि आमचे हे, माझा नवरा, मोठ्या मनाने म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका, डॉक्टर. होतं असं. आम्ही तुम्हाला दोष देत नाही."

"घरचंच माणूस तुम्ही," वन्सं म्हणाल्या. "बाहेर एक शब्द जायचा नाही."

त्या बाई रडायला लागल्या. इतक्या चांगल्या माणसांच्या घरात भाचा पडतोय म्हणूनही थोडं रडल्या असतील.

"दादा," चारू म्हणाली, "पिशवी धरा."

"का?"

"धरा म्हणते ना."

माझ्या डोक्याशी तिचा हात आला. उशाजवळची डबी तिने ओढली. पत्र्याचं झाकण उघडल्याचा आवाज मला आजही आठवतो, त्या डबीचं झाकण जरा घट्टच होतं.

"डॉक्टर, ही आवळासुपारी नाही."

"चारू!" वन्सं ओरडल्या. "गप बस!"

"आईला मायस्थेनिया आहे. पाच वर्षं. ह्या त्याच्या गोळ्या. काल रात्रीपासून एकही दिलेली नाही."

त्या क्षणी माझ्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. सिस्टर तेवढ्यात खोलीत येत होत्या. त्या किंचाळल्या, "मॅडम! बाई जाग्या आहेत! रडतायत!"

डॉक्टरीणबाई माझ्यावर वाकल्या. "ऐकू येतंय तुम्हाला? म्हणजे सकाळपासून सगळं ऐकताय?"

मागून वन्संचा बारीक आवाज आला. "सगळं?"

पुढचं भरभर झालं. इंजेक्शन पुन्हा दिलं, या वेळी काय उतरवायचंय ते ठाऊक असल्यामुळे बेताबेताने दिलं. गोळी कुटून नाकातल्या नळीतून पोटात घातली. पाचच्या सुमाराला माझी उजवी पापणी उघडली, आणि मला पहिल्यांदा दिसला तो ह्यांचा चेहरा. त्यांनी पटकन खाली बघितलं. अगदी शालीन.

डॉक्टरीणबाईंचा आवाज तोवर परत आला होता.

"भूल मी देते, शेटे. वीस वर्षं देतेय. पण काल तुम्ही मला दिलीत. मला नाव सांगितलं असतंत, तर स्नायू सैल करणारं ते औषध मी हातातसुद्धा धरलं नसतं. आणि हा आजार आईकडून लेकीला असा जात नाही हो! मला विचारायचं होतं. मीच माझ्या ताईला समजावलं असतं."

"नावात माय आहे म्हणून..." वन्सं म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई वळल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, यांना बाहेर बसवा. आणि पिशवीला हात लावू देऊ नका."

मिरजेची गाडी आली, ती तशीच दाराशी थांबवून ठेवली. न्यावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली.

टिळेकरांचा निरोप चार दिवसांनी आला. पत्रिका पुन्हा दाखवली, जमत नाही, मंगळ निघाला. आधी तीन ज्योतिषांना न सापडलेला मंगळ चौथ्याला सापडला. डॉक्टरीणबाईंनी बहिणीला परोपरीने समजावलं म्हणतात. ते खरं असावं, कारण त्यानंतर दोघी बहिणी वर्षभर बोलत नव्हत्या. चारूचं लग्न पुढे तीन वर्षांनी झालं. जावई बघायला आले तेव्हा तिने चहाच्या आधी आजाराचं नाव सांगितलं आणि त्यांच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा बरोबर म्हणाले, तेव्हा बशी पुढे केली.

मी आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. हे गेले, वन्सं गेल्या. पण वन्सं शेवटपर्यंत आल्यागेल्याला ही गोष्ट सांगत. त्यांच्या गोष्टीत पिशवी सबंध दिवस त्यांनीच दाबली होती. आणि तिथे पोचल्या की पदर डोळ्यांना लावत: "पोरीने तोंड उघडलं मात्र, आणि आईच्या डोळ्यातून टपकन पाणी! बोलता येईना माउलीला, पण लेकीचे उपकार डोळ्यांनी फेडले हो." हे ऐकून बायका रडत. मीही मान खाली घालून बसे.

ते पाणी उपकाराचं नव्हतं.

चारूने डबीचं झाकण उघडलं, तेव्हा ती काय करणार ते मला कळलं होतं. आणि त्या नळीच्या मागे, त्या दगडासारख्या जिभेच्या मागे, मी जीव खाऊन ओरडत होते: गप्प बस. गुरुवारपर्यंत गप्प बस. वन्सं ओरडल्या तेच मी ओरडत होते, त्यांच्या आधी. तोंडातून शब्द निघत नव्हता, म्हणून ते डोळ्यातून निघालं. मला बोलता आलं असतं तर मी तिला थांबवलं असतं आणि संध्याकाळपर्यंत मेले असते. माझी वाचा गेली होती म्हणून मी वाचले.

आणि दुसऱ्या दिवशी नळी काढली, तेव्हाही मला अक्कल आली नव्हती. सगळे खाटेभोवती उभे होते. हे, वन्सं, डॉक्टरीणबाई, सिस्टर. घसा सोललेला, आवाज पार नाकात. चारू माझ्या तोंडाशी कान लावून वाकली. मी पुनर्जन्मातले माझे पहिले शब्द बोलले.

"सांगितलंस कशाला?"

"काय म्हणतेय?" ह्यांनी विचारलं. त्यांना नुसता घोगरा नाद ऐकू गेला होता.

चारूने रुमालाने माझ्या ओठांच्या कडा पुसल्या, सरळ उभी राहिली आणि सगळ्यांना म्हणाली, "आई म्हणतेय, सांभाळलंस गं मला."

वन्संनी पदर डोळ्यांना लावला. डॉक्टरीणबाईंनी चारूच्या पाठीवर हात ठेवला. मी पापण्या मिटल्या.

पाच वर्षं माझं प्रत्येक बोलणं तिनेच लोकांना सांगितलं होतं, आणि तिला कधी चुकीचं ऐकू आलं नव्हतं.